नव्याण्णव टक्के ग्रहण घेऊ नका

पत्र : २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सहकुटुंब जायचं मनात आहे. आम्ही पाच जण : मी, हे, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा. बाबा सत्तर वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. आईचे गुडघे दुखतात. एका पर्यटन कंपनीने दोन सहली सुचवल्या आहेत. पहिली आठ दिवसांची इजिप्तची : कैरो, मग नाईलची क्रूझ, ग्रहणाच्या दिवशी मुक्काम अस्वानला, ‘९९ टक्के ग्रहण’ असं पत्रकात छापलंय. दुसरी स्पेनमधल्या मालागाची. ह्यांचं म्हणणं, ग्रहण इथूनही दिसणारच आहे, तर एवढा खर्च कशाला? आई म्हणते, ग्रहण बघायचं नसतं आणि बघायचंच तर वेध पाळायचे. कुठे जावं, काय न्यावं, काय टाळावं, सविस्तर सांगाल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

आधी ह्यांच्या शंकेचं बघू, कारण खर्चाचा निर्णय तिथेच अडलाय. ग्रहण महाराष्ट्रातून दिसेल हे खरं, पण खंडग्रास, तेही दुपार कलल्यावर. त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे, आपली दिव्याची अवस. ऐन पावसाळ्यात नाशिकला त्या वेळी सूर्य ढगाबाहेर असेल यावर कोणी पैज लावणार नाही. आणि आकाश उघडलंच, तरी दिसेल तो कडेला चावा घेतलेला सूर्य. ग्रहणाचा चष्मा लावला तर चावा दिसतो, नाही लावला तर काही घडतंय हे कळतही नाही.

खंडग्रास आणि खग्रास यांतला फरक थोडं आणि जास्त असा नसतो. सूर्याचं प्रभामंडल, म्हणजे कोरोना, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकं उजळ असतं. सूर्य त्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. आता ९९ टक्के सूर्य झाकला असं धरा. उरलेला एक टक्काही चार हजार पौर्णिमांइतका उजेड पाडतो, आणि त्या उजेडात प्रभामंडल दिसत नाही, तारे दिसत नाहीत, चष्माही काढता येत नाही. अस्वानला नेमकं हेच होणार आहे. चंद्राची गडद सावली अस्वानच्या थोडी उत्तरेकडून निघून जाईल. पत्रकातले ‘९९ टक्के’ खोटे नाहीत, पण थिएटरच्या दारापर्यंत नेऊन परत आणण्यातला हा प्रकार आहे. ती सहल त्या स्वरूपात घेऊ नका. कैरो आणि हुरघाडाही सावलीबाहेर आहेत, हे लक्षात ठेवा. स्वस्त पॅकेजं बहुधा याच तीन गावांभोवती बांधलेली असतात.

सावलीचा पट्टा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून शिरतो. स्पेनचं दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया ओलांडून तो इजिप्तमध्ये सोहाग आणि लक्झरवरून जातो, पुढे तांबडा समुद्र, जेद्दा-मक्का, येमेन आणि सोमालिया. ग्रहणाचा सर्वात लांब काळ, ६ मिनिटं २३ सेकंद, लक्झरच्या आग्नेयेला थोड्या अंतरावर येतो. खुद्द लक्झर शहरात जवळजवळ तेवढाच, ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास. बहुतेक खग्रास ग्रहणं दोन ते चार मिनिटांत आटोपतात, त्यामुळे सहा मिनिटं ही चैन आहे.

लक्झरचा पट्टा साधारण २५८ किलोमीटर रुंद आहे. मध्यरेषेवरच उभं राहायला हवं या हट्टापायी लोक भर उन्हात वाळवंटात गाड्या घालतात. गरज नाही. मध्यरेषा आणि कड यांच्या अर्ध्या अंतरावर, म्हणजे मध्यापासून ६५ किलोमीटर दूर असलात, तरी काळ फक्त चौदा टक्क्यांनी घटतो, साडेपाच मिनिटं मिळतातच. काळ कोसळतो तो शेवटच्या काही किलोमीटरांत. म्हणून क्रूझच घ्यायची असेल, तर त्या दिवशी बोट लक्झर किंवा इस्ना इथे उभी असेल, हे कंपनीकडून लेखी घ्या. एदफूही चालेल. कोम ओम्बो कडेकडे सरकतं, अस्वान गेलंच.

ढगांचं म्हणाल तर लक्झरला ऑगस्टमध्ये आकाश निरभ्र असणं हाच नियम. आपल्याकडे याचं मोल कळावं अशी उदाहरणं आहेत. २२ जुलै २००९ ला बिहारमधल्या तारेगणाला हजारो लोक जमले आणि ढगांनी सगळ्यांना परत पाठवलं. उलट २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण आपल्या विजयदुर्गावरून आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेलं, तेव्हा हिवाळ्याचं स्वच्छ आकाश होतं. पुण्याचे कावसजी नेगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल जेऊरला होते, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला. किल्ल्यावर आज दाखवतात ते ‘साहेबाचे कट्टे’ १८६८ च्या हेलियमच्या शोधाशी जोडले जातात, पण १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होते. ते विजयदुर्गाला आले १८९८ मध्ये. असो. ग्रहणासाठी गाव निवडताना प्रेक्षणीय स्थळं नव्हे, त्या महिन्यातलं आकाश बघायचं.

आता मालागा. शहर पट्ट्याच्या आत आहे, पण कडेजवळ, त्यामुळे दोन मिनिटांहूनही कमी. तिथून नैर्ऋत्येला दीडेकशे किलोमीटरवर तारिफा आहे, तिथे साडेचार मिनिटांहून थोडं जास्त. म्हणजे स्पेन निवडलंत, तर मुक्काम मालागात ठेवून सकाळी निघायचा बेत मुळीच करू नका. त्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता तुंबणार. आदल्या रात्री तारिफा-कादिझच्या बाजूला पोचलेलं बरं. ग्रहण तिथे सकाळी पावणेअकराच्या सुमारास आहे, सूर्य क्षितिजावर चाळीसेक अंश, हवा लक्झरपेक्षा कितीतरी सौम्य. बाबांच्या दृष्टीने हे मोठं सुख. खोट एकच : सामुद्रधुनीत पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून धुकं आणि खालचे ढग आत येतात. म्हणून हाताशी गाडी हवी आणि आदल्या संध्याकाळचा अंदाज बघून वीस-तीस किलोमीटर सरकायची तयारी हवी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळत नाहीत, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्येच फाईल तयार ठेवा.

आमचा कौल लक्झरला, पण एका अटीवर. बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारायचं, आणि नेमकं विचारायचं : ‘४१ अंश तापमानात दोन-तीन तास बाहेर राहायचं आहे, गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध आहे का, त्या दिवशीचा डोस कसा घ्यायचा?’ रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत असं औषध मिसळलेलं असतं. त्यात घाम गेला की उभं राहताच चक्कर येते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर नको म्हणाले, तर तारिफा. आणि तेही जमलं नाही, तर २२ जुलै २०२८ ला सिडनी आहे : पावणेचार मिनिटांहून थोडं जास्त, तिथला हिवाळा, शहरातल्या शहरात. सिडनीत मराठी घरं भरपूर आहेत. कोणी नातेवाईक असतील तर आत्ताच पत्र टाका. भारतात पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, लडाख-काश्मीरच्या भागात. मार्चमधलं तिथलं हवामान बघता त्यावर सगळी भिस्त ठेवणं धाडसाचं.

लक्झरची खरी अडचण ढग नाही, ऊन आहे. खग्रास स्थिती दुपारी एकच्या जरा नंतर सुरू होते, त्याआधी साधारण दीड तास खंडग्रास. म्हणजे साडेअकरा ते अडीच, दिवसातला सगळ्यात वाईट वेळ. लोक हौसेने सुरुवातीपासून उन्हात उभे राहतात आणि मुख्य वेळेला डोकं दुखून खोलीत जाऊन पडतात. तुम्ही असं करा : पहिला तास सावलीत काढायचा. दर पंधरा मिनिटांनी चष्मा लावून अर्धा मिनिट बाहेर डोकवायचं, परत आत. सूर्य तीन-चतुर्थांश झाकला गेला की उन्हाची धार आपोआप बोथट होते. शेवटची वीस मिनिटं बाहेर बसायला हरकत नाही. पाणी माणशी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. त्यात एखाद-दुसरी बाटली ओआरएसची. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, बहुधा एका लिटरमध्ये एक पाकीट. चवीसाठी पाणी कमी करू नका. मोठी पांढरी छत्री, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, ओला पंचा. बाबांचा घाम एकदम थांबला, अंग तापून कोरडं पडलं किंवा ते असंबद्ध बोलायला लागले, तर ग्रहण सोडून त्यांना सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा. हॉटेलच्या डॉक्टरचा नंबर आदल्या दिवशी घेऊन ठेवलेला असावा.

आईंच्या वेधांचा प्रश्न इथेच येतो. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर अन्न नाही, काही घरांत पाणीही नाही. नाशिकला देवघरात बसून हे जमेल. लक्झरच्या उन्हात पाण्याशिवाय बारा तास म्हणजे दवाखाना. पण शास्त्रातच सोय आहे. बाल, वृद्ध आणि आजारी माणसांना वेधात सवलत असते, दर पंचांगात तसं छापलेलं असतं. तुमच्या पंचांगाचं ते पान आईंना दाखवा, आमच्यापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. जेवण हलकं ठेवून पाणी चालू ठेवायचं, इतकी तडजोड बहुतेकींना पटते. आणि ‘बघायचं नसतं’ यात डोळ्यांपुरतं तथ्य आहेच, खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतंच.

जागा निवडताना एक आकडा विसरू नका : सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर असेल, जवळजवळ डोक्यावर. त्यामुळे कर्नाकच्या देवळाच्या खांबांमागे किंवा नाईलच्या पाण्यावर ग्रहण दिसेल, ही कल्पना सोडा. तसे फोटो येणार नाहीत. सहा मिनिटं मान मागे टाकून उभं राहिलं तर आईबाबांना भोवळ येईल. उत्तम जागा म्हणजे पोहण्याच्या तलावाकाठची पाठ टेकायची लांब खुर्ची, जवळ सावली, जवळ स्वच्छतागृह. आईंना जमिनीवर आडवं होणं नको, उठताना गुडघे साथ देणार नाहीत. मुलीला चटई चालेल, पण खाली जाड फोम हवा. फरशी तव्यासारखी तापलेली असते. हॉटेल ठरवताना विचारा : तलावाकाठ किंवा गच्ची ग्रहणाच्या वेळी पाहुण्यांना खुली असेल का, की तिकीट लावणार? आणि हो, दुपारचं जेवण एक वाजता ठेवू नका म्हणून सहलीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा. हसू नका, कार्यक्रमपत्रिकेत ‘१ ते २ भोजन’ हे यंत्रवत छापलं जातं.

मुक्काम किमान ३१ जुलै ते ३ ऑगस्ट लक्झरलाच. २ ऑगस्टला सकाळच्या विमानाने कैरोहून किंवा रस्त्याने हुरघाडाहून पोचायचं, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. विमान लांबतं, रस्त्यावर तपासणी नाकी आहेत, आणि त्या दिवशी सगळी दुनिया तोच रस्ता धरणार. देवळं आणि थडगी ३१ आणि १ तारखेला पहाटे सहा ते नऊ बघून घ्या. ग्रहणाच्या सकाळी कुठेही जाऊ नका, झोप काढा. हॉटेलांचे दर त्या आठवड्यात कित्येक पटींनी चढतात आणि काही जण आधीचं आरक्षण रद्द करून खोली महाग विकतात. म्हणून हॉटेलचं नाव, रद्द झाल्यास काय, आणि बदली हॉटेल सावलीच्या पट्ट्यातच असेल, या तीन गोष्टी करारात हव्यात. ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. पारपत्राची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली असू द्या.

चष्मे भारतातूनच न्या, माणशी दोन. त्यावर आयएसओ १२३१२-२ छापलेलं असतं, पण छापणं सोपं आहे, म्हणून घरी तपासा : चष्मा लावून खोलीत बघा, ट्यूबलाइटसुद्धा दिसता कामा नये. बाहेर फक्त सूर्य, तोही डोळ्याला सुखावणारा. चरा किंवा टोचा पडला असेल तर कात्रीने कापून टाका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, शेणाच्या पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही नको. यातून उजेड कमी वाटतो, पण न दिसणारे अवरक्त किरण आत येत राहतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजल्याचं तेव्हा समजतच नाही. चष्मा लावून दुर्बिणीतून बघणं तर सर्वात घातक. दुर्बिणीने एकवटलेलं ऊन चष्म्याची फिल्म क्षणात जाळतं. गाळणी, म्हणजे सोलर फिल्टर, दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर लागते, डोळ्याच्या बाजूला नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ आहे, साहित्य कुठून घ्यावं हे त्यांना विचारा.

चष्मा कधी काढायचा, यावर घरात तालीम करा. पंचांगातले शब्द इथे नेमके उपयोगी पडतात : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. संमीलन म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो तो क्षण, उन्मीलन म्हणजे तो पुन्हा डोकावतो तो. संमीलनापासून उन्मीलनापर्यंतच उघडे डोळे. शेवटची सूर्यकोर तुटून मणी होतात, मग एकच ठिणगी उरते, ती हिऱ्याची अंगठी. ठिणगी विझली की चष्मा खाली. त्या क्षणी कोणीतरी फोनवर साडेपाच मिनिटांचा गजर लावायचा. गजर वाजला की दुर्बीण खाली, चष्मा हातात. पुन्हा ठिणगी दिसली की चष्मा डोळ्यांवर. मुलीला हे काम द्या, गजर सांभाळणारं मूल सगळ्यात शिस्तीत वागतं.

त्या सहा मिनिटांची वाटणीही ठरवून ठेवा. आधी मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी : काळा गोल आणि भोवती पांढरे, रेशमासारखे झोत. मग दुर्बीण, ७×५० किंवा १०×५०, आता गाळणीशिवाय. कडेला गुलाबी ज्वाला दिसतात. मग मान खाली करून क्षितिज बघा, चारी दिशांना संध्याकाळ झालेली असते. शुक्र सूर्याला जवळजवळ चिकटून असेल. ग्रहण लागण्याआधी वायव्येकडे, सोहागच्या बाजूला, लक्ष ठेवा, सावली तिकडून ताशी सुमारे २४०० किलोमीटर वेगाने येते. संमीलनाच्या मिनिटभर आधी पांढऱ्या चादरीवर फिकट छायापट्टे सरपटताना दिसतात, कधी दिसतही नाहीत. हॉटेलची एक चादर पसरून ठेवा.

फोटोंचा मोह आवरा, असं आम्ही सरळ सांगतो. ह्यांनी कॅमेरा न्यायचाच ठरवला असेल, तर तीन अडचणी आधीच सांगून ठेवतो. ८२ अंशांवर रोखलेला कॅमेरा साध्या तिपाईच्या पायाला आपटतो, घरी एकदा वर रोखून बघा. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, म्हणजे सहा मिनिटांत तीन व्यास. चौकटीत तेवढी जागा सोडा. आणि उन्हात काळा कॅमेरा व फोन तापून बंद पडतात, पांढऱ्या टॉवेलखाली ठेवा. फोकस आधी गाळणी लावून साधायचा आणि रिंगला चिकटपट्टी मारायची. मग संमीलनाला गाळणी काढून आयएसओ १००, एफ ८, एक हजारांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत एक फेरी. बस. दुसरा फोन तिपाईवर ठेवून कुटुंबाच्या तोंडांकडे रोखा आणि चित्रीकरण चालू करून विसरून जा. ते घरी सगळ्यात जास्त वेळा बघितलं जाईल.

मुलीसाठी एक वस्तू बॅगेत टाका : बुंदीचा झारा. सूर्य डोक्यावर असल्याने हे तिथे छान जमतं. झारा दीड मीटर उंचीवर आडवा धरायचा, खाली पांढरा कागद. प्रत्येक भोकातून सूर्याची प्रतिमा पडते, तिचा आकार अंतराच्या एकशेनवांश भाग, म्हणजे इथे साधारण चौदा मिलिमीटर. खंडग्रास असताना कागदभर चंद्रकोरी उमटतात. झारा खाली आणला तर कोरी लहान होतात आणि शेवटी भोकाचाच आकार दिसतो. भोकं पाच मिलिमीटरपेक्षा मोठी असतील तर कोरी धूसर येतील, म्हणून बारीक बुंदीचा झारा घ्या. सामान तपासताना विमानतळावर कोणी भुवया उंचावू नयेत म्हणून तो मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या नको.